कार्लाइल, १९१२: चौदा सामने आणि एक गल्ला

५ ऑक्टोबर ते २८ नोव्हेंबर १९१२. कार्लाइलच्या फुटबॉल संघाचे पंचावन्न दिवसांत दहा सामने, आणि त्यातला एकही घरच्या मैदानावर नाही. आधी पेनसिल्व्हेनियातलंच वॉशिंग्टन नावाचं गाव, मग सिराक्यूज, पिट्सबर्ग, राजधानी वॉशिंग्टन, तिथून थेट कॅनडातलं टोरांटो, परत येऊन साउथ बेथलेहेम, वेस्ट पॉइंट, फिलाडेल्फिया, स्प्रिंगफील्ड, प्रॉव्हिडन्स. शनिवारी २६ ऑक्टोबरला जॉर्जटाउनशी सामना आणि सोमवारी २८ तारखेला टोरांटोत. मधला रविवार अर्थातच रेल्वेच्या डब्यात.

कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल या संघाचं हे वेळापत्रक. हंगामाचा निकाल आधीच सांगून टाकतो: १४ सामने, १२ विजय, एक बरोबरी, एक पराभव. ५०४ गुण केले, ११४ दिले. अमेरिकेच्या कॉलेज फुटबॉलच्या इतिहासात हा हंगाम सोनेरी म्हणून सांगितला जातो, आणि खेळापुरतं बोलायचं तर तो आहेच. पण या प्रकरणातला खरा प्रश्न मैदानावरचा नाही. घरी का खेळत नव्हते? कारण घरी गल्ला जमत नव्हता. कार्लाइल हे पेनसिल्व्हेनियातलं लहानसं गाव. तिथे तिकीट काढून कोण येणार? हजारोंचा जमाव शहरांत होता, मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांवर होता, आणि "इंडियन" मुलं खेळणार म्हटल्यावर तो दुपटीने लोटायचा. संघ जिथे गल्ला तिथे जायचा. तो गल्ला कोणी भरला आणि कोणाच्या हाती गेला, हे पाहायला हा एक हंगाम पुरेसा आहे.

एक खुलासा आधीच. फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो हा खेळ नव्हे. हा अमेरिकन फुटबॉल: अंडाकृती चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्याने पकड करून आडवं पाडायचं. आपल्या माणसाला तो फुटबॉलपेक्षा कबड्डीच्या अंगाने जास्त लवकर कळेल. चढाई आहे, पकड आहे, हुलकावणी आहे, फक्त दम घुमवायचा नाही. आणि "इंडियन" हा शब्द तर कोलंबसाच्या चुकीतून तिकडच्या मूळ रहिवाशांना चिकटला. या लेखात तो संघाच्या आणि शाळेच्या नावापुरताच येईल.

कॉलेज नसलेलं कॉलेज

कार्लाइल हे कॉलेज नव्हतंच, ही या प्रकरणातली पहिली गंमत. गंमत म्हणायचं ते सवयीने. १८७९ मध्ये रिचर्ड हेन्री प्रॅट या घोडदळातल्या अधिकाऱ्याने लष्कराच्या जुन्या बराकींत ही निवासी शाळा काढली. याआधी तो फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियनमध्ये युद्धकैदी आदिवासींवर देखरेख करत होता, आणि कैद्यांवर केलेला प्रयोगच त्याने मुलांवर करायला घेतला. शेकडो मैलांवरच्या वस्त्यांमधून मुलं आणायची, आल्या आल्या केस कापायचे, गणवेश चढवायचा, नाव बदलायचं, स्वतःची भाषा बोलायला बंदी घालायची. १८९२ च्या भाषणात प्रॅटनेच उद्दिष्ट सांगून ठेवलंय: त्याच्यातल्या इंडियनला मारा आणि माणसाला वाचवा. दाखल होताना आणि काही वर्षांनी असे एकाच मुलाचे दोन फोटो काढून ते वाटले जायचे. शाळेच्या आवारातल्या स्मशानात पावणेदोनशेहून जास्त मुलांच्या कबरी होत्या.

शिक्षण म्हणाल तर अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस काम. शिवणकाम, लोहारकाम, खोगीर आणि घोड्याचा साज बनवणं. उन्हाळ्यात मुलांना गोऱ्या कुटुंबांच्या शेतांवर राबायला पाठवायचं, याला "आउटिंग" असं गोंडस नाव होतं. अभ्यासाचा दर्जा माध्यमिक शाळेच्या आसपास. आणि या शाळेचा संघ खेळायचा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाशी, हार्वर्डशी, लष्कराच्या वेस्ट पॉइंट अकादमीशी. आपल्याकडच्या आश्रमशाळेच्या संघाने विद्यापीठांची आंतरविभागीय स्पर्धा मारावी, तसं काहीसं. फरक एवढाच की कार्लाइलचे बरेच खेळाडू विशीतले होते, आणि मोठ्या विद्यापीठांनाही गर्दी हवी असल्याने वयाबद्दल कोणी फार चिकित्सा करत नव्हतं.

फुटबॉल प्रॅटने आणला नाही, मुलांनी मागून घेतला. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गावातल्याच डिकिन्सन कॉलेजशी खेळताना एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरचे सामने बंद केले. पुढे मुलांचं शिष्टमंडळ त्याच्याकडे गेलं. प्रॅटने आठवणींत लिहिलंय की त्याने दोन अटी घातल्या: कोणी कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सगळ्यात मोठ्या संघाला हरवून दाखवायचं. पहिल्या अटीमागचा हिशेब उघड होता. गोऱ्या मुलाने ठोसा मारला तर तो खेळातला जोश. इंडियन मुलाने मारला तर "बघा, शेवटी रानटीच". मुलांनी दोन्ही अटी मान्य केल्या.

मग प्रॅटच्या लक्षात आलं की छापील पत्रकांपेक्षा ही जाहिरात भारी आहे. शाळेचा उद्देश मुलांमधलं इंडियनपण पुसून टाकायचा, आणि शाळेची कमाई "इंडियन" या नावावर. वर्तमानपत्रांचे मथळे वाचले तर दर शनिवारी "टोळी" चाल करून येते, "डोकी सोलते", "युद्धनृत्य" करते. प्रत्यक्षात मैदानावर उतरलेली मुलं शिस्तीत उभी असायची आणि पंचाशी हुज्जत घालत नसायची.

नियम बदलले, ते यांच्या पथ्यावर पडले

१९१२ चा हंगाम नीट समजायचा तर सात वर्षं मागे जावं लागतं. १९०५ मध्ये हा खेळ जवळजवळ बंदच पडणार होता. सगळे खेळाडू एकमेकांना घट्ट धरून ढिगाऱ्यासारखे समोरच्या ढिगाऱ्यावर आदळायचे आणि खाली कोण चिरडलं ते नंतर मोजायचं. त्या एका हंगामात १८ मृत्यूंची नोंद झाली. खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल, प्रिन्सटनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून कान उपटले. पुढच्या वर्षी चेंडू पुढे फेकायला, म्हणजे फॉरवर्ड पासला, परवानगी मिळाली, पण इतक्या अटींसह की बडे संघ त्याच्या वाटेला जाईनात. वजनाने दाबायची सवय झालेल्यांना फेकाफेकी हलकी वाटायची.

१९१२ च्या आधी नियम पुन्हा हलले. मैदान ११० ऐवजी १०० यार्डांचं झालं आणि दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा आला, ज्यात झेललेला चेंडू टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे नेलेला, धरला जाऊ लागला. दहा यार्ड पुढे सरकायला तीनऐवजी चार प्रयत्न मिळाले. पास वीस यार्डांहून लांब फेकायचा नाही ही अट गेली. टचडाउनचे गुण पाचावरून सहा झाले. कागदावर हे किरकोळ बदल. पण नव्वद किलोंच्या मुलांच्या भिंतीसमोर सत्तर-पंचाहत्तर किलोंची चपळ मुलं घेऊन उभं राहणाऱ्याला हे वरदान होतं.

असा माणूस कार्लाइलकडे होता: ग्लेन वॉर्नर, ज्याला सगळे "पॉप" म्हणत. कॉर्नेलमधून कायदा शिकलेला, १८९९ मध्ये कार्लाइलला आलेला, मध्ये कॉर्नेलला जाऊन १९०७ मध्ये परतलेला. डोकं विलक्षण सुपीक आणि बऱ्यापैकी चलाख. १९०३ मध्ये हार्वर्डविरुद्ध त्याच्या मुलांनी घोळक्याच्या आडून चेंडू एका खेळाडूच्या जर्सीत पाठीमागे सरकवला, आणि तो खेळाडू रिकाम्या हातांनी, पाठीला कुबड घेऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडे पळत गेला. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले. (सामना हार्वर्डनेच जिंकला, १२-११, पण लक्षात राहिलं ते कुबड.) असल्या क्लृप्त्यांचं श्रेय नेहमी वॉर्नरला जातं. पण क्लृप्ती सुचणं वेगळं आणि हजारो डोळ्यांसमोर ती चोख वठवणं वेगळं. वठवणारी मुलं वेगवेगळ्या जमातींची होती, त्यांच्या मातृभाषा एकमेकांना कळत नव्हत्या, आणि मैदानावर त्यांना जोडणारी भाषा ही सक्तीने शिकवलेली इंग्रजीच होती.

कप्तान

१९१२ चा कप्तान जिम थॉर्प. सॅक अँड फॉक्स जमातीचा, आजच्या ओक्लाहोमातला. जमातीतलं नाव वा-थो-हक, अर्थ साधारण "उजळलेली वाट". जुळा भाऊ लहानपणीच गेला, पुढे आईवडीलही. १९०४ मध्ये कार्लाइलला आला. १९०९ मध्ये शाळा सोडून नॉर्थ कॅरोलायनात गेला आणि दोन उन्हाळे तिथल्या छोट्या लीगमध्ये थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला. कॉलेजची कितीतरी मुलं तेव्हा हे करायची. शहाणी मुलं खोट्या नावाने खेळायची. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला. ही बाब लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९११ मध्ये तो परत आला आणि त्या नोव्हेंबरात कार्लाइलने हार्वर्डला हार्वर्डच्याच मैदानावर १८-१५ असं हरवलं; त्यात थॉर्पचे चार फील्ड गोल, म्हणजे लाथेने खांबांमधून मारलेले चेंडू. दुसऱ्या वर्षी जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिक. पेंटॅथलॉन (पाच प्रकारांची स्पर्धा) आणि डेकॅथलॉन (दहा प्रकारांची), दोन्हींत सुवर्ण. शाळेचाच लुइस टेवानिमा, होपी जमातीचा, १०,००० मीटरमध्ये रौप्य घेऊन आला. ऑगस्टमध्ये कार्लाइल गावात दोघांची वॉर्नरसकट मिरवणूक निघाली. जगातला सर्वश्रेष्ठ खेळाडू म्हणवला गेलेला हा माणूस पाच आठवड्यांनी पुन्हा शाळेच्या जर्सीत मैदानात उभा होता, कारण तो अजून त्या शाळेचा विद्यार्थी होता. आणि त्याच्या नावावर आता तिकिटं आणखी खपणार होती.

बाकीची नावंही घ्यायलाच हवीत, कारण थॉर्पच्या सावलीत ती हरवतात. संघाची चाल ठरवणारा क्वार्टरबॅक गस वेल्च, विस्कॉन्सिनचा चिपेवा. हाफबॅक, म्हणजे चेंडू घेऊन पळणारा, अ‍ॅलेक्स आर्कासा, कोलव्हिल जमातीचा. त्याच कामाचा फुलबॅक स्टॅन्सिल पॉवेल, चेरोकी. पुढच्या फळीत जो गायन, पीट कॅलॅक, मध्ये जो बर्गी. यातला गायन पुढे थॉर्पसारखाच व्यावसायिक फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये पोचला.

हंगाम

पहिले चार सामने म्हणजे जोर-बैठका. ऑलब्राइट ५०-७, लेबनॉन व्हॅली ४५-०, डिकिन्सन ३४-०, व्हिलानोव्हा ६५-०. बारा दिवसांत चार सामने उरकले, त्यांवर जास्त शब्द खर्च करायचं कारण नाही.

मग ५ ऑक्टोबरला वॉशिंग्टन अँड जेफरसन कॉलेजशी ०-०. छोटं कॉलेज, पण चिवट संघ. थॉर्पच्या किक त्या दिवशी एकामागून एक हुकल्या. पुढच्या शनिवारी सिराक्यूज. आदल्या वर्षी कार्लाइलचा एकमेव पराभव याच संघाने केला होता, १२-११ असा, एका गुणाने. या वेळी उत्तर ३३-० आलं. पिट्सबर्ग ४५-८. जॉर्जटाउन ३४-२०. टोरांटोत अर्धा वेळ अमेरिकन नियम आणि अर्धा वेळ कॅनडाच्या रग्बीचे नियम अशी वाटणी झाली आणि निकाल ४९-१ लागला. हा एकुलता एक गुण अमेरिकन फुटबॉलमध्ये दिसतच नाही, तो कॅनडाच्या खेळातला. ऐन हंगामात, शनिवारचा सामना अंगात असताना, वेगळ्याच नियमांनी सामना खेळायला दुसऱ्या देशात जायचं प्रयोजन काय? खेळाच्या दृष्टीने मला तरी एकही कारण दिसत नाही. लीहाय ३४-१४. आणि मग ९ नोव्हेंबर, वेस्ट पॉइंट.

या सामन्यावर थांबायला हवं. समोर अमेरिकेच्या लष्कराची अकादमी, म्हणजे "आर्मी"चा संघ. वुंडेड नीच्या हत्याकांडाला बावीस वर्षंही झाली नव्हती. १८९० च्या डिसेंबरात तिथे याच लष्कराने लकोटा स्त्रिया, मुलं, म्हातारे मारले होते. कार्लाइल शाळाही जुन्या लष्करी बराकीतच. सामन्याआधी वॉर्नरने मुलांना "यांच्या बापांनी तुमच्या बापांना मारलं, हे विसरू नका" असं सांगितल्याची गोष्ट पुढे बरीच फिरली. त्याने नेमके कोणते शब्द वापरले हा भाग सोडा. त्या मुलांना ते कोणी सांगायची गरज होती असं वाटत नाही.

वॉर्नरने खरी तयारी वेगळीच केली होती. तोपर्यंत चेंडू घेऊन पळणारे चौघं पुढच्या फळीच्या मागे गर्दी करून उभे राहायचे, त्यामुळे समोरच्याला चढाई कुठून येणार याचा अंदाज असायचा. वॉर्नरने यातले दोघं दोन्ही बाजूंना, फळीच्या टोकाला चिकटवून उभे केले. यालाच पुढे डबल विंग म्हणू लागले. आता टोकावरचा गडी समोरच्याला अडवणार, की पुढे पळून पास झेलणार, की मागे वळून चेंडू घेऊन दुसऱ्या बाजूने निसटणार, हे क्षणभर कळायचंच नाही. बचाव करणाऱ्याने पाऊल एका अंगाला टाकलं की चेंडू दुसऱ्या अंगाने गेलेला असायचा. वजनदार माणसाला चुकीच्या दिशेने टाकलेलं पाऊल फार महाग पडतं. आर्मीच्या मुलांना ते तासभर पडत राहिलं.

पहिला वार मात्र आर्मीचा. हॉब्जने टचडाउन केलं, त्यानंतरची एका गुणाची किक हुकली, ६-०. बर्गीने उत्तर दिलं, थॉर्पची किक आत गेली, ७-६. मध्यंतराला एका गुणाची आघाडी. उत्तरार्ध सुरू होताच आर्मीचा कप्तान डेव्होर, धिप्पाड गडी, गायनच्या अंगावर धावून गेला. पहिला अर्धा वेळ त्याच्यापेक्षा लहान चणीचा गायन त्याला हलू देत नव्हता, त्याचा हा राग. पंचांनी डेव्होरला बाहेर काढलं. प्रॅटने वीस वर्षांपूर्वी घातलेली ठोसा न मारण्याची अट आठवा. वेस्ट पॉइंटच्या हिरवळीवर त्या दिवशी हात सुटला तो भावी लष्करी अधिकाऱ्याचा, आणि "रानटी" मुलं आपापल्या जागी उभी होती.

याच सामन्यात आर्मीकडून बावीस वर्षांचा ड्वाइट आयझेनहॉवर खेळत होता. त्याने आणि सहकाऱ्याने बेत केला की थॉर्पला दोघांनी मिळून, एकाने वर आणि एकाने खाली, असं धरून कायमचा बाद करायचा. कबड्डीत कोपऱ्यातली साखळी लावतात तसंच. एकदा थॉर्प ऐन वेळी आखडला आणि दोघं एकमेकांवरच आदळले. आयझेनहॉवरला मैदान सोडावं लागलं. पुढच्याच आठवड्यात टफ्ट्सविरुद्ध त्याचा गुडघा असा गेला की फुटबॉल कायमचा संपला. अनेक वर्षांनी, राष्ट्राध्यक्षपद भोगून झाल्यावर, त्याने थॉर्पचं नाव काढलं ते आपण पाहिलेला सर्वांत श्रेष्ठ खेळाडू म्हणून.

अंतिम गुण २७-६. या सामन्याच्या कथांमध्ये थॉर्प अख्खं मैदान कापत जातो, एकदा टचडाउन रद्द होतं म्हणून पुन्हा जातो. गुणांचा हिशेब करा: चार टचडाउनचे २४ आणि किकचे ३. एक टचडाउन बर्गीचं, उरलेली तीन आर्कासाची. थॉर्पचं एकही नाही. तो चेंडू घेऊन बचाव फाडायचा, तीन-तीन जणांना अंगावर ओढायचा, आणि शेवटच्या काही यार्डांत वेल्च चेंडू आर्कासाकडे द्यायचा. हुलकावणी कप्तानाची, गुण दुसऱ्याचे. नंतरच्या जाहिरातींत मात्र आर्कासा कुठेच नाही.

आठ दिवसांत सगळं फिरलं. १६ नोव्हेंबरला फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने कार्लाइलला ३४-२६ हरवलं. त्या वर्षीचा पेनचा संघ असा काही ताकदीचा नव्हता. वॉर्नरने ढिलाईचा ठपका मुलांवर, त्यातही थॉर्पवर ठेवला. मला हे पटत नाही. हा त्यांचा आठ आठवड्यांतला बारावा सामना होता. आर्मीविरुद्ध जीव ओतल्यावर सहा-सात दिवसांत पुन्हा तेवढ्याच ताकदीने उभं राहायचं, तेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राखीव खेळाडू असताना. त्या काळी एकदा बाहेर गेलेल्याला त्याच डावात परत घेता यायचं नाही, म्हणून तेच अकरा जण हल्ल्यालाही आणि बचावालाही. ३४ गुण खाल्ले ते थकलेल्या पायांनी. वेळापत्रक ज्याने आखलं त्याने ढिलाईचा हिशेब मुलांच्या नावावर मांडू नये.

स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए कॉलेजने तर घामच फोडला, ३०-२४. कार्लाइलचे तीसच्या तीस गुण एकट्या थॉर्पचे. शेवटी २८ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, प्रॉव्हिडन्समध्ये ब्राउन विद्यापीठाला ३२-० हरवून हंगाम आटोपला. त्या हंगामात थॉर्पने किमान २५ टचडाउन केली.

जानेवारी

हंगाम संपून दोन महिनेही झाले नव्हते. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरच्या वर्तमानपत्राने छापलं की थॉर्प नॉर्थ कॅरोलायनात पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता. ऑलिंपिक फक्त हौशी खेळाडूंसाठी. कोणत्याही खेळात पैसे घेतले की हौशीपण संपलं. आक्षेप ३० दिवसांत घ्यावा असा स्टॉकहोमचा नियम होता आणि आता सहा महिने उलटले होते. तो नियम कोणी उघडून पाहिला नाही.

थॉर्पच्या नावाने अमेरिकेच्या हौशी संघटनेला पत्र गेलं. त्यात तो म्हणतो की मी एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, या गोष्टींची मला सगळी माहिती नव्हती, म्हणून थोडी माफी मिळावी. पदकं गेली, नोंदी पुसल्या. वॉर्नर आणि शाळेचा अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांनी हात वर केले: आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं. शाळेचा सर्वांत नावाजलेला खेळाडू दोन हंगाम गायब होता, त्याच्याबरोबर शाळेचीच आणखी मुलं तिकडे खेळायला गेली होती, आणि सगळी स्वतःच्या नावाने खेळत होती. तरी ठाऊक नव्हतं. थॉर्प हौशी होता की नाही हा वाद अनेकांनी घातला. पण हौशी म्हणजे नेमकं कोण? ज्याच्या खेळावर दुसऱ्यांचं घर चालतं पण स्वतःला पगार मिळत नाही, तो हौशी, अशी त्या काळची व्याख्या दिसते.

चोपड्या

गल्ल्याच्या चोपड्या उघडल्या त्या आणखी एका वर्षाने. आणि उघडायला लावल्या खेळाडूंनीच. गस वेल्चने पुढाकार घेतला, विद्यार्थ्यांच्या सह्यांचा अर्ज वॉशिंग्टनला गेला, आणि १९१४ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, संयुक्त समितीने कार्लाइलमध्येच सुनावणी घेतली. शाळा सरकारी, पण सामन्यांचा पैसा सरकारी खात्यात जातच नव्हता. तो "अ‍ॅथलेटिक असोसिएशन" नावाच्या वेगळ्या फंडात जायचा आणि त्याच्यावर वॉर्नर-फ्रीडमन जोडीचा हात होता. त्यातून वॉर्नरचं घर उभं राहिलं, अधिकाऱ्यांचे प्रवास झाले, शाळेविषयी चांगलं छापणाऱ्या वार्ताहराला पैसे गेले. खेळाडूंनाही थोडं मिळायचं: रोख रक्कम, गावातल्या दुकानात उधारी, सूट, ओव्हरकोट. राहायला वेगळी इमारत आणि वेगळा खुराक. आपल्याकडे स्पोर्ट्स कोट्यातल्या मुलांना हॉस्टेलमध्ये वेगळं दूध-अंडं मिळतं आणि बाकीची पोरं टकामका बघतात, ते ज्याने पाहिलंय त्याला हे चित्र नवं वाटणार नाही. फक्त इथे बाकीच्या पोरांच्या ताटात पुरेसं अन्नच नव्हतं. उपासमारीच्या तक्रारी त्याच सुनावणीत नोंदल्या गेल्या.

वेल्चने साक्षीत सांगितलं की वॉर्नर मुलांना घाणेरड्या शिव्या देतो, हात उचलतो, आणि हॉटेलच्या लॉबीत सामन्यांची तिकिटं विकतो. ज्याच्या डोक्यातली प्रत्येक चाल वेल्चने मैदानावर उतरवली, त्याच्याविरुद्ध ही साक्ष. वॉर्नरवर निष्ठा ठेवणारे खेळाडूही होतेच, थॉर्प त्यांतला एक. त्यामुळे "प्रशिक्षक खलनायक, मुलं बिचारी" अशी सोपी मांडणी इथे चालत नाही. वॉर्नरमुळे जे जग त्यांच्यापुढे खुलं झालं ते शिंप्याच्या किंवा लोहाराच्या वर्गातून कधीच खुलं झालं नसतं, आणि याची जाणीव वेल्चलाही होती. तरीही त्याने सही केली.

फ्रीडमनची नोकरी गेली. वॉर्नर १९१४ च्या हंगामानंतर पिट्सबर्ग विद्यापीठाला गेला आणि तिथेही जिंकत राहिला. डबल विंग त्याच्याबरोबर गेली. कार्लाइलचा संघ त्याच वर्षी पराभवांवर पराभव खाऊ लागला होता. १९१८ मध्ये शाळाच बंद पडली आणि बराकींत महायुद्धातल्या जखमी सैनिकांचं रुग्णालय आलं. आज तिथे अमेरिकी लष्कराचं वॉर कॉलेज आहे. २०१७ पासून लष्कराने स्मशानातल्या मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत पाठवायला सुरुवात केली.

वेल्च वकिलीचं शिक्षण घेऊन पुढे स्वतः प्रशिक्षक झाला. थॉर्प, गायन आणि कॅलॅक कँटनच्या व्यावसायिक संघात एकत्र खेळले, या वेळी उघडपणे पैसे घेऊन. १९२२ मध्ये तिघं ओहायोतल्या लारू गावच्या एका संघात दाखल झाले. तो संघ एका कुत्रे-पैदास करणाऱ्या व्यावसायिकाने आपल्या कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी काढला होता, आणि मध्यंतरात त्याच खेळाडूंना पिसं लावून नाचायला लावलं जायचं. दहा वर्षांपूर्वीच्या चोपडीत आणि या चोपडीत फरक इतकाच की इथे सगळं मांडलेलं होतं.

थॉर्प १९५३ मध्ये वारला. सॅक अँड फॉक्सांच्या रीतीने त्याचे विधी ओक्लाहोमात सुरू असतानाच तिसऱ्या बायकोने शव ताब्यात घेतलं. पेनसिल्व्हेनियातली मॉक चंक आणि ईस्ट मॉक चंक ही डबघाईला आलेली दोन गावं पर्यटक यावेत म्हणून काहीतरी शोधत होती. सौदा ठरला. दोन्ही गावं एक झाली, नव्या गावाचं नाव ठेवलं जिम थॉर्प, आणि तिथे समाधी बांधली गेली. ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये पदकं परत द्यायचं ठरवलं, २०२२ मध्ये त्याला दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून मान्य केलं. वडिलांना ओक्लाहोमाच्या मातीत न्यायचं म्हणून मुलगे कोर्टात गेले होते. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. समाधी अजून त्याच गावात, रस्त्याच्या कडेला आहे.